मूळपुरुषाच्या बैलाचा पहिला वाटा

पेत्रूसात बैल कापण्यावरून कधी भांडण झालं नाही. बैल सगळ्यांनाच हवा असतो. भांडण व्हायचं ते पहिला वाटा कुणाच्या ताटात पडायचा यावरून, आणि त्या भांडणापायी माझं घर गेलं. गेलं ते गेलं. पण लोक ती गोष्ट मागाहून इतकी वेडीवाकडी करून सांगतात की एकदा मीच सांगितलेली बरी.

माझं नाव निकासो. पेत्रूसा हे कॉरिंथच्या माणसांनी थ्रेसच्या किनाऱ्यावर वसवलेलं गाव. आमच्या पणजोबांच्या वेळी कॉरिंथहून एक गलबत आलं, त्यातल्या म्होरक्याने इथल्या खडकावर पहिली चूल पेटवली, आणि तो मेल्यावर त्याला बाजारचौकातच पुरलं. तो आमचा मूळपुरुष. दर वर्षी द्राक्षं खुडून झाली की त्याच्या थडग्यापुढे बैल कापायचा आणि बैलाच्या पाठीचं सगळ्यात चांगलं मांस कॉरिंथच्या माणसाला द्यायचं. हा पहिला वाटा. कॉरिंथ म्हणजे गावाचं माहेर, आणि माहेरचा मान मोडता येत नाही.

अथेन्स म्हणजे सासर. इराणच्या बादशहाची भीती होती तेव्हा अथेन्सने सगळा किनारा पदराखाली घेतला. भीती गेली, पदर काही निघाला नाही. दर वसंतात खंडणी द्यायची, उशीर झाला की वसुलीला गलबत यायचं. माहेराला मान हवा, सासरला पैसा हवा, आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. तरी आमचं बरं चाललं होतं. दोन्हीकडचं सांभाळून नांदता येतं, कुठल्याही बाईला विचारा. फक्त दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी जेवायला येऊ नयेत.

एका वर्षी कुपा मासा आलाच नाही. कुपा नाही तर खारवणं नाही, खारवणं नाही तर विकणं नाही, आणि खंडणी राहिली. अथेन्सचं गलबत आलं आणि पुढच्या खंडणीची हमी म्हणून तीन घरांतली पोरं ओलीस घेऊन गेलं. त्यातला एक माझा मिकोन. त्याचे दुधाचे दात नुकते हलायला लागले होते. धक्क्यावर त्याने मला विचारलं, तिकडे दात पडला तर कुठे टाकायचा? मी म्हटलं, छपरावर टाक, इथल्यासारखाच. एवढंच बोलणं झालं. बाकी मी काय बोलणार होते?

पुढे अथेन्समध्ये साथ आली आणि बाकीची दोन पोरं त्यात गेली. माझा वाचल्याचं खलाशांकडून कळलं. दर वर्षी मी जाणाऱ्या गलबतातून सुके अंजीर आणि खारवलेल्या कुप्याचं मडकं पाठवायची. ते त्याच्यापर्यंत पोचत होतं की नाही देव जाणे. खलाशांनाही पोट असतंच.

मी सांगतेय त्या वर्षी मिकोनला जाऊन दहाच्या वर वर्षं झाली होती. बळी देणारा पुजारी आमच्याकडे दर वर्षी चिठ्ठी टाकून निवडतात. त्या वर्षी चिठ्ठी निघाली माझ्या नवऱ्याच्या, तेलेस्तासच्या नावाची. माझं काम मात्र दर वर्षीचं होतं. बैलावर घाव पडतो त्याच क्षणी बायकांनी आरोळी द्यायची, ही आमची रीत. जीभ लोळवत उंच सूर काढायचा, तो बंदरापर्यंत ऐकू गेला पाहिजे. आरोळी पडली तर तो बळी. नाही पडली तर तो नुसता खून, आणि जवळ उभ्या असलेल्यांना, अंगावर रक्त उडालेल्यांना खुनाचा विटाळ लागतो. सुरुवात एकीने करायची, मग बाकीच्यांनी सूर उचलायचा. ती सुरुवात सासूकडून माझ्याकडे आली होती. सबंध गावात माझा गळा सगळ्यात मोठा, असं तेलेस्तास चारचौघांत सांगायचा. कौतुकाने की तक्रारीने ते त्याने कधी कळू दिलं नाही.

कॉरिंथ दर वर्षी एक माणूस पाठवायचं. तो वर्षभर गावात राहायचा. त्याचं काम काय, तर असणं. त्या वर्षीच्या माणसाचं नाव ओनासिमोस. गोरापान, गोल, बोलायला गोड. कुणाच्याही घरी जेवला की मासा चांगला आहे म्हणायचा आणि मग, मीठ जरा जास्त झालंय, असं जोडायचा. खारवलेल्या माशात मीठ जास्त! मी एकदा त्याला म्हणाले होते, आमचा समुद्रच खारट आहे, त्याला आम्ही काय करणार.

तर द्राक्षं खुडायचे दिवस होते. माझे हात कोपरापर्यंत चिकट झालेले, आणि दारात अथेन्सचा वकील येऊन उभा राहिला. अथेन्सहून कुणी आलं की आमच्याच घरी उतरायचं, तसा जुना ठराव होता. लिसानियास त्याचं नाव. बारीक, नीटनेटका, प्रत्येक वाक्य आधी मनात मोजून मग बाहेर काढणारा. त्याच्यामागे त्याचं गाठोडं घेऊन एक उंच पोरगा उभा होता. त्या पोराने चपला काढल्या, उंबऱ्याकडे बघितलं आणि शहरी, तुटक बोलीत मला विचारलं, "बाई, पाय धुवायला पाणी कुठे मिळेल?"

त्याच्या भुवईत व्रण होता. आमच्याच पायरीवर पडून झालेला.

"पाणी होतं तिथेच आहे," मी म्हटलं. "रांजण हलवला नाही मी."

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "आई?" म्हणाला. अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तसं.

मी त्याला पोटाशी धरलं. तो ताठ उभा राहिला, मग हळूहळू त्याचे खांदे सैल पडले. त्याच्या अंगरख्याला माझ्या हातांचे द्राक्षांचे डाग पडले. लिसानियास पायऱ्यांकडे बघत थांबून राहिला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

जेवताना त्याने तेलेस्तासला येण्याचं कारण सांगितलं. खंडणी कोण घेतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मान कॉरिंथ घेतं, आणि हे अथेन्सला यापुढे चालणार नाही. या सणाला पहिला वाटा अथेन्सला द्यायचा. अथेन्सच्या वतीने ताट घेऊन वेदीपाशी मिकोनच उभा राहील, म्हणजे गावालाही जड वाटायचं नाही, आपल्याच पोराच्या हातात पडलं असं होईल. वाटा मिळाला की मिकोन मोकळा, इथेच राहील.

"आणि कॉरिंथला दिला तर?" तेलेस्तासने विचारलं.

"मला दोनच गोष्टी सांगितल्या आहेत," लिसानियास म्हणाला. "मिळाला तर ओलीस सोडायचा. कॉरिंथला गेला तर परत न्यायचा. परत नेल्यावर त्याला चांदीच्या खाणीत विकतील, असं माझ्या कानावर आहे. ते माझ्या हातात नाही."

मिकोन मान खाली घालून भाकरी मोडत होता. मी त्याच्यापुढे सातूची भाकर, ओलं चीज आणि अंजीर ठेवले होते, लहानपणी तो त्यासाठी रडायचा. त्याने पाहुण्यासारखं जेवण केलं, वाढलेलं सगळं थोडं थोडं खाल्लं आणि ताटात एक घास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सातू दळत होते तेव्हा तो येऊन जात्यापाशी बसला. त्याने जात्याला हात लावला. अथेन्समध्ये एका दोरखंडवाल्याच्या घरी त्याला ठेवलं होतं. मार फार नव्हता, काम फार होतं. माझी मडकी त्याला मिळाली होती. सगळी नाही, पण दोन-तीन. मी दातांचं विचारलं.

"तिथली छपरं उंच होती, आई. पहिला टाकला तो खालीच पडला. मग बाकीचे एका चिंधीत बांधून ठेवले. इथे आल्यावर टाकू म्हटलं. नंतर ती चिंधीच हरवली."

मी आत कोठीत गेले आणि रडले. परत आले तर तो एकटाच दळत होता, भरड फार जाड पडत होती.

"तुला इथं राहायचंय का?" मी विचारलं.

"हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. थोडा वेळ जातं फिरवलं आणि म्हणाला, "हो. राहायचंय."

सणाच्या आदल्या दिवशी सभा बसली. बायकांना सभेत जागा नाही, पण आमची गच्ची सभेच्या मैदानाला लागून आहे आणि मला कान आहेत. ओनासिमोस गोड बोलला. माहेराला विसरू नका, कॉरिंथची जहाजं पाण्यात उतरलीच आहेत, वसंतात ती इथं दिसतील. आमच्या गल्लीतला लाक्रितोस तर उठून ओरडायलाच लागला. अथेन्स आज वाटा मागतंय, उद्या मूळपुरुषाची हाडं उकरून तिथे आपला माणूस पुरेल, एका पोरासाठी गाव बापाचं नाव बदलणार का? त्याला स्वतःला मूल नव्हतं. मोठ्यांदा ओरडणाऱ्यांचं नेहमी असंच काहीतरी असतं. हात वर झाले आणि वाटा कॉरिंथला द्यायचं ठरलं.

तेलेस्तास घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"तुम्ही कुणासाठी हात वर केलात?" मी विचारलं.

"अथेन्ससाठी. पण मला एकच हात होता."

"आणि उद्या वाटा कुणाच्या हाताने जाणार? तुमच्याच ना?"

"तो माझा हात नाही, गावाचा आहे. उद्या मी गावाचा पुजारी, तेलेस्तास नाही."

"मग मिकोनचा बाप उद्या कोण असणार आहे? चिठ्ठी टाकून निवडलाय का?"

तो उठून कुऱ्हाडीला धार लावायला गेला. मला त्याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे, पण तो खोटारडा नव्हता. गावाने सांगितलेलं मोडायचं हे त्याच्या डोक्यात मावतच नव्हतं. धार लावताना त्याने अंगठा कापून घेतला. मी चिंधी बांधली.

सणाचा दिवस उजाडला. ऊन चांगलं होतं. थडग्याला नवीन माळा घातल्या होत्या. समोरच्या आसनावर ओनासिमोस मांडीवर ताट घेऊन बसला होता. लिसानियास बाजूला, जरा दूर बसला होता, नेसूचं नीट सावरून. वाटा मिळणार नाही हे त्याला कळलं होतं, तरी त्याने मिकोनला काशाचं ताट देऊन वेदीच्या कडेलाच उभं केलं होतं. रिकामं ताट सगळ्यांना दिसू दे, एवढाच त्याचा हेतू. बायका डाव्या हाताला. पुढे मी आणि माझ्यामागे आमच्या गल्लीतली म्हातारी क्रिसिल्ला. ती माझ्या सासूच्या वयाची, जिभेने तिखट, आणि तिच्याशेजारी तिची नात, नुकती लग्न झालेली.

बैलाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, त्याने मान हलवली. म्हणजे त्याला मान्य आहे. जव उधळले. तेलेस्तासने कुऱ्हाड उचलली आणि घाव घातला. बैल गुडघ्यांवर आला. सुरीने गळा चिरला तेव्हा रक्ताची चिळकांडी उडाली, तेलेस्तासच्या हातांवर आणि मिकोनच्या अंगरख्यावर, द्राक्षांच्या डागांशेजारी.

आणि मी तोंड उघडलं नाही.

लोक सांगतात की माझा गळा दाटून आला, मूळपुरुषाने माझी वाचा ओढून घेतली. तसलं काही नाही. गळा ठणठणीत होता. आरोळी झाली की वाटा निघणार आणि ओनासिमोसच्या ताटात पडणार, एवढं मला दिसत होतं. मी ओठ मिटले आणि मिटलेले ठेवले.

"ओरड की गं," क्रिसिल्ला मागून पुटपुटली.

मी नाही म्हणून मान हलवली. तिने मिकोनकडे बघितलं, मग माझ्या पाठीकडे बघत राहिली असणार, कारण ती गप्प झाली. तिच्या नातीने तोंड उघडायला श्वास घेतला तो मला ऐकू आला. म्हातारीने तिच्या पायावर टाच दाबली. पोरगी कळवळली, पण आवाज काढला नाही. मग कुणीच काढला नाही. काहींना सुरुवात माझी आहे म्हणून थांबायचं होतं, काहींना कळलं होतं. कुणाला काय, ते मी नंतर कधी विचारलं नाही.

तेलेस्तासने वळून माझ्याकडे बघितलं. चौकात इतकी माणसं होती आणि खालचा समुद्र ऐकू येत होता. तो तसाच पुढे जाऊ शकला असता. सुरी हातात होती, ओनासिमोस मान डोलावून खुणावत होता. तेलेस्तासने सुरी वेदीवर ठेवली.

"हा बळी झाला नाही," तो मोठ्याने म्हणाला. "हा खून आहे. याचा वाटा निघत नाही."

त्याने जन्मात माझ्यासाठी एवढं एकच काम गावाविरुद्ध केलं, आणि तेही गावाचा नियम सांगूनच केलं.

मग गोंधळ झाला. ओनासिमोस एवढा चपळ असेल असं वाटलं नव्हतं, आसनावरून उडी मारून तो पार खांबांमागे गेला. लोक मागे सरकले. लाक्रितोस दगड उचला म्हणून ओरडत होता, पण दगड मारायला जवळ यावं लागतं आणि विटाळाच्या जवळ कुणी येईना. बैल दोरांनी ओढत नेऊन कड्यावरून समुद्रात ढकलला. एवढा चांगला बैल. गावातली कुत्री रात्रभर कड्यावर उभी होती.

लिसानियास दूर बसला होता, त्याच्यावर थेंबही उडाला नव्हता. त्याने मिकोनला पुढे घातलं आणि तो बंदराकडे निघाला. मी मागोमाग धावले. गलबताच्या फळीपाशी सुकाणूवाला उभा होता, दाढी पांढरी, कानात वाळी. त्याने मिकोनच्या अंगरख्याकडे बघितलं आणि फळीवर पाय रोवला.

"हा पोरगा माझ्या गलबतावर येणार नाही."

"अथेन्सचा हुकूम आहे," लिसानियास म्हणाला.

"तो वादळाला दाखवा. आरोळीशिवायचं रक्त आहे ते. असला माणूस चढला की बाकीचे सगळे बुडतात. माझा चुलता असाच गेला."

वल्हेवाले एकेक करून जागेवरून उठले आणि किनाऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. लिसानियासने समजावलं, धमकावलं. पोराचा अंगरखा बदलतो म्हणाला. सुकाणूवाला म्हणाला, कातडी पण बदलणार का? आणि ते काशाचं ताटही नको. वारा धरायची वेळ टळून चालली होती. लिसानियास धक्क्यावर उभा राहून विचार करत होता. त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या आणि ही तिसरी होती.

"मी तिकडे जाऊन काय सांगू?" शेवटी त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते त्याचं त्यालाही माहीत नसावं.

"सांगा, वाटा कुणालाच मिळाला नाही," मिकोन म्हणाला.

गलबत गेलं. मिकोन धक्क्यावर ताट धरून उभा होता, माझ्याबरोबर. लोक मला विचारतात, हे तुला आधीच सुचलं होतं का. नाही. मी फक्त ओठ मिटले, पुढचं विटाळाने केलं.

विटाळ सगळ्यांना सारखाच धरतो. सूर्य मावळायच्या आत गावाने आम्हालाही बाहेर काढलं, ज्याने घाव घातला त्याला, ज्याच्यावर रक्त उडालं त्याला आणि जिने तोंड मिटलं तिला. गावच्या विहिरीचं पाणी नाही, गावच्या चुलीतला विस्तव नाही. गाव सोडून दुसरीकडे वसायला जाणाऱ्यांना विस्तव बरोबर देतात, तो आम्हाला दिला नाही. वेशीबाहेर पडलो तर मागून क्रिसिल्ला खारवलेल्या माशाचं मडकं डोक्यावर घेऊन येताना दिसली. नात आणि नातजावई तिच्या मागे.

"तुला कुणी हाकललंय?" मी म्हटलं.

"टाच माझी होती," म्हातारी म्हणाली. "आणि मरायला टेकलेल्या बाईला विटाळ काय करणार? चल, अंधार पडायच्या आत नदी गाठू."

आम्ही उत्तरेला नदीच्या मुखापाशी एका टेकाडावर राहिलो. जवळ थ्रेसवाल्यांची पाच-सहा खोपटं होती. हातांवर गोंदलेल्या एका बाईने आम्हाला तिच्या चुलीतला विस्तव दिला. मी तिला एक बुधला दारू दिली. ती खूश, आम्ही खूश. तिने नंतर कधी कुठला वाटा मागितला नाही.

पेत्रूसाचं सांगायचं तर कॉरिंथची जहाजं काही आली नाहीत. अथेन्सची आली, शिपायांसकट. पुढच्या सणाला पहिला वाटा अथेन्सला गेला. अथेन्सचे शिपाई दुसऱ्या लढाईवर गेले तसा तो परत कॉरिंथला जायला लागला. मग दोन्ही शहरांनी आपसांत तह केला. त्या तहात पेत्रूसाचं नावही नव्हतं म्हणे. दर वेळी इकडून तिकडे होताना दोन-चार घरं कंटाळायची आणि आमच्या टेकाडावर यायची. अशी आमची वस्ती झाली. क्रिसिल्ला गेली. तेलेस्तास गेला, त्याला आम्ही अंगणात पुरलं. वस्तीतली पोरं त्याला मूळपुरुष म्हणायला लागली. चिठ्ठीशिवाय आपण कधी काही झालो हे ऐकून बिचारा घाबरला असता. मिकोनने नंतर क्रिसिल्लाच्या मागाहून आलेल्या धाकट्या नातीशी लग्न केलं. त्याची बोली अजून थोडी तुटकच आहे, पण भरड आता बारीक पडते.

द्राक्षं खुडून झाली की आम्हीही बळी देतो. मी आरोळी देते. ती नदीपल्याड ऐकू जाते.

गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी पेत्रूसाहून एक माणूस आला. दाढी पिकलेली, पाय सुजलेले. लाक्रितोस. दगड उचला म्हणणारा तोच. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला की ही वस्ती पेत्रूसातून निघालेल्या माणसांची, म्हणजे पेत्रूसाचं लेकरूच. तेव्हा पहिला वाटा पेत्रूसाचा. सभेने तसं ठरवून त्याला पाठवलं होतं.

मी त्याला म्हटलं, "निघालो नव्हतो रे आम्ही, तुम्ही हाकललंत."

"झालं गेलं," तो म्हणाला. "पण आई ती आईच."

"आईने विस्तव तरी द्यायचा होता."

त्याच्या मांडीवर ताट होतं, कॉरिंथच्या माणसाचं असायचं तसंच. मला त्याची थोडी कीवही आली. एवढ्या लांब, एवढ्या सुजलेल्या पायांनी. मी त्याला गरम पाणी दिलं आणि उद्या जेवून जा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मिकोनने बैल कापला, मी आरोळी दिली, बायकांनी सूर उचलला. मिकोनने पाठीचं मांस काढून काशाच्या ताटात ठेवलं, त्याच ताटात, ज्याला तो सुकाणूवाला भ्यायला होता. लाक्रितोस आसनावरून अर्धा उठला आणि त्याने आपलं ताट पुढे केलं. मिकोन त्याच्यासमोरून गेला आणि त्याने वाटा आपल्या धाकट्या मुलीपुढे ठेवला. आमच्याकडे तशीच रीत आहे. वस्तीत ज्याला सगळ्यात शेवटी दात आले त्याचा पहिला वाटा. ही रीत मी घातली. का घातली ते मिकोनने कधी विचारलं नाही.

पोरीने तो तुकडा दोन्ही हातांनी धरून चोखला, तोंड वाकडं केलं आणि खाली टाकला. कुत्र्याने तो उचलला आणि लाक्रितोसच्या आसनाखाली नेऊन खायला लागला.

लाक्रितोस माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मिकोन पोरीला कडेवर घेऊन उभा होता आणि हसू दाबत होता. त्या एका तुकड्यासाठी ज्याला खाणीत घालणार होते, तो माझा मुलगा. मी ओठ मिटले आणि कुत्र्याचं खाऊन होईपर्यंत मिटलेले ठेवले.